वेलांटीबाई आणि कलम एकतीस

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच नाव चिकटलं. अडतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. शाळेची पुस्तकं, मतदारांच्या याद्या, लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, अक्षर न् अक्षर नजरेखालून घालायचं, चूक दिसली की समासात लाल पेन्सिलीची खूण. एकदा खुद्द मालकाचं पत्र त्यांनी परत पाठवलं होतं. "तुम्ही मालक असाल, पण 'दिर्घ' लिहिलंत तर चूक ती चूकच," म्हणाल्या होत्या. मालक हसला, पण त्यानंतर तो बाईंना दाखवल्याशिवाय काही लिहीत नसे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अबोल माणूस. बाई बोलायच्या, तो ऐकायचा, आणि मधूनच एखादं वाक्य असं टाकायचा की बाई दिवसभर हसत राहायच्या. दोघं निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. एका दुपारी तो जेवून जरा आडवा झाला, तो उठलाच नाही.

महिन्याभराने लिफ्ट कामगारांच्या संघटनेचा चिटणीस घरी आला. "वहिनी, आमच्या वेबसाइटवर त्याच्याबद्दल चार ओळी हव्यात. तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं शुद्ध आमच्यात कोण लिहिणार?"

बाईंची नजर अधू झाली होती, कागदावरचं अक्षर पुसट दिसायचं. कॉम्प्युटरवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणून बाजारात एका कॉम्प्युटर कंपनीचंच मोठं, काचा लावलेलं दुकान होतं, तिथून त्यांनी नवा कोरा कॉम्प्युटर आणला. दुकानाचा माणूस घरी येऊन तो लावून गेला.

"सगळं आत घालूनच दिलंय काकू. आता इथे 'मान्य आहे' दाबा."

"हे एवढं लिहिलंय ते वाचायचं नाही का?"

"ते कोणीच वाचत नाही."

आणि उभा जन्म दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचण्यात घालवलेल्या बाईंनी न वाचता बटण दाबलं.

ओळी चारच्या नऊ झाल्या. त्या लिहायला चार दिवस लागले. शेवट असा होता: 'जेवून झोपले आणि झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. बेचाळीस वर्षं सोबत होती. आता घरात मी एकटी आहे.' लिहिताना काही शब्दांखाली हिरवी रेघ उमटत होती. बाईंनी मनाशी हिशोब केला, लाल म्हणजे चूक, तर हिरवं म्हणजे बरोबर. यंत्राने पाठ थोपटल्यासारखं वाटून त्यांना जरा बरंही वाटलं. मजकूर तीनदा तपासला आणि संघटनेच्या पानावर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, आणि भावावर जीव टाकायची. आत न येता उंबऱ्यातूनच तिने मोबाइल पुढे केला.

"वहिनी, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. का हो वन्सं?"

"या शब्दावर बोट लावा."

बाईंनी 'हृदय'वर बोट लावलं, तर सात दिवसांत पोट उतरवणारी गोळी समोर आली. 'झोपेतच'वर गाद्यांची अर्ध्या किमतीत विक्री. आणि 'एकटी'वर बोट ठेवल्याबरोबर एक गुलाबी पान उघडलं: तुमच्या भागातल्या एकट्या पुरुषांशी आत्ताच गप्पा मारा.

"संघटनेतली माणसं चहाच्या टपरीवर एकमेकांना दाखवताहेत," नणंद म्हणाली. "माझ्या भावाला जाऊन महिना झाला वहिनी. निदान वर्ष तरी थांबायचं."

नणंद जिना उतरून गेली, तरी त्या दाराला धरून तशाच उभ्या होत्या.

वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई राहायची. तिने येऊन दहा मिनिटं खुडबुड केली. मग म्हणाली, "काकू, तुमचा काही दोष नाही. इंटरनेट ज्यातून बघतो तो ब्राउझर. त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचं प्लगइन, म्हणजे वरची जोडणी, बसवून दिलंय. 'खरेदीसखा' म्हणे. तुम्ही लिहीत होता तेव्हा ते शब्दांना जाहिराती शिवत होतं. तुम्ही मजकूर पाठवलात, तशी ती शिवणही त्याच्याबरोबर गेली."

"पण मी तर असलं काही घेतलं नव्हतं."

"तुम्ही कशाला घ्याल? दुकानातून आलं तेव्हाच आत होतं."

चिटणीसाने तासाभरात पान पुसलं, पण तोवर चारशे लोकांनी ते पाहिलं होतं. बाई त्याच पावली दुकानात गेल्या. गळ्यात टाय बांधलेला मॅनेजर खुर्चीत मागे रेलून बसला होता. बाईंनी सगळं सांगितलं. त्याने बाईंच्या मोबाइलवर आलेला, पुसलेल्या पानाचा कुणीतरी काढलेला फोटो बघितला, गालातल्या गालात हसला आणि मोबाइल शेजारी उभ्या असलेल्या दुकानातल्या पोराकडे सरकवला.

"मॅडम, ते सगळ्याच नव्या मशिनमध्ये असतं. ग्राहकाची सोय."

"माझी कसली सोय झाली?"

"नको असेल तर काढता येतं. आणि तुम्ही 'मान्य आहे' दाबलंय. करारात सगळं लिहिलेलं असतं." मग उठता उठता तो म्हणाला, "तसं बघितलं तर जाहिरातींमुळे लोकांनी ते वाचलं तरी. नाहीतर असलं कोण वाचतंय!"

बाईंनी पोराच्या हातून मोबाइल घेतला आणि त्या बाहेर पडल्या. पण नागीण डूख धरते म्हणतात ना, तसा त्यांनी त्या क्षणी डूख धरला. घरी येताना त्यांनी मनातल्या मनात त्याला लिफ्टमध्ये कोंडलं, दोन मजल्यांच्या मधोमध अडकवलं आणि दिवे घालवले. हे करताना त्यांना इतकं बरं वाटलं की त्या घरावरून पुढे निघून गेल्या.

कॉम्प्युटरमधला तो करार बाईंनी छापून आणला तर शेहेचाळीस पानं भरली. बाईंनी पट्टी काढली, भिंग काढलं, मोठा दिवा टेबलावर ओढला. पहिल्या दिवशी अकरा पानं झाली. भाषांतर कुणी केलं होतं देव जाणे. 'वापरकर्ता' आणि 'वापरकर्त्ता' एकाच ओळीत नांदत होते. लांबलचक वाक्यं, त्यांना शेपट्या फुटलेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कलम एकतीसवर आल्या. चौतिसाव्या पानाची ती शेवटची ओळ होती. 'आधीपासून बसवलेल्या तृतीय पक्षाच्या जोडणीमुळे वापरकर्त्याच्या मजकुरात झालेल्या बदलांस व त्यातून होणाऱ्या मनस्तापास कंपनी जबाबदार राहणार' आणि पान संपलं. बाईंनी पान उलटलं. पस्तिसाव्या पानावर थेट कलम बत्तीस.

पान बदलताना 'नाही' गळला होता.

अशा चुका बाईंनी आयुष्यात शेकड्यांनी पकडल्या होत्या. पान जिथे संपतं तिथेच शब्द पळतो, हे त्यांनी कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं. हात सवयीने लाल पेन्सिलीकडे गेला, ओळीच्या शेवटी गळलेला शब्द दाखवणारी हंसपदाची खूण करायला टेकलासुद्धा. आणि बाईंनी हात मागे घेतला. डोळ्यांना दिसलेली चूक अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तशीच राहू दिली. पेन्सिल खाली ठेवून त्या हसल्या, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात हजर.

"मी म्हातारी बाई. करारच वाचावा म्हणते शांतपणे. पण हाच तो करार, असं तुम्ही प्रत्येक पानावर शिक्का मारून द्याल का?"

"शेहेचाळीस शिक्के?" मॅनेजर पोराकडे बघून डोळा मारत म्हणाला. "द्या रे आजींना. वाचून झोप चांगली लागेल."

चौतिसाव्या पानावर शिक्का पडला तेव्हा बाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

ग्राहक मंचात तक्रार उभी राहायला पाच महिने गेले. कंपनीने आधी फोन करून पाहिला, मग नवा कॉम्प्युटर देऊ केला, मग त्याच्याबरोबर प्रिंटर. बाई प्रत्येक वेळी "नको" म्हणून फोन ठेवायच्या. सुनावणीला कंपनीचा वकील आला, मॅनेजरही होता. बाईंनी शिक्क्याचं पान अध्यक्षांपुढे ठेवलं.

वकिलाने ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि मॅनेजरकडे असं बघितलं की त्याचा टाय सैल झाला.

"ही उघड छपाईची चूक आहे," वकील म्हणाला. "मूळ मसुद्यात 'राहणार नाही' असंच आहे."

"मला मूळ मसुदा दिला नव्हता," बाई म्हणाल्या. "मी ज्याला मान्य म्हटलं, ते हे. न वाचता मान्य म्हटलं ही माझी चूक, आणि न वाचता छापलं ही तुमची. माझी मी भोगली."

वकील हुशार होता. त्याने वळण बदललं. अशी जोडणी आधीपासून दिल्यामुळे यंत्र स्वस्त पडतं, ज्यांना काही कळत नाही त्यांना आयतं मिळतं, असं त्याने मांडलं. ते अगदीच खोटं नव्हतं. दुरुस्तीवालीनेच बाईंना सांगितलं होतं की तिच्या आईला कमी दिसतं, आणि तिच्या यंत्रात आधीपासून असलेली मजकूर मोठ्याने वाचणारी जोडणी तिला वरदान ठरली होती. बाईंनी हेही मंचापुढे लपवलं नाही.

"द्या ना, हवं तर द्या," त्या म्हणाल्या. "पण दारात उभं राहून विचारा, आत येऊ का. मी नवं घर घेतलं आणि कुलूप उघडलं, तर आधीच कोणी परका माणूस पलंगावर बसून माझी पत्रं चाळत असावा, हे कुठलं आयतं?"

अध्यक्षबाईंनी तीन आठवड्यांनी निकाल दिला. जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं आम्ही ठरवू शकत नाही, पण या कंपनीने यापुढे असली जोडणी ग्राहकाने मागितल्याशिवाय बसवू नये. आणि बाईंची जाहीर माफी मागावी. माफीचा मजकूर संबंधित दुकानाच्या मॅनेजरने लिहावा आणि तक्रारदाराने मंजूर करावा.

'तक्रारदाराने मंजूर करावा' ही ओळ बाईंनी मागून घेतली होती.

पहिला मजकूर मॅनेजरने पोराच्या हाती धाडला. तो परत गेला. स्वतः आणावा, म्हणून निरोप. मग तो स्वतः आला, तीन जिने चढून. बाईंनी त्याला लाकडी खुर्चीत बसवलं आणि त्याच्यासमोर मजकूर तपासला. सावकाश. पट्टी सरकवत. सहा ओळींत अकरा चुका निघाल्या. दुसऱ्या खेपेला पाच. तिसऱ्या खेपेला 'दिलगिरी'च्या जागी 'दिलगीरी'. चौथ्या खेपेला तो घामाघूम होऊन बसला असताना नणंदही आली होती. खटल्याचं कळल्यापासून ती पुन्हा यायला लागली होती, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. मॅनेजर गेल्यावर तिने कागद उचलला.

"इथे स्वल्पविराम हवा, असं लिहिलंयत. कशाला हवाय?"

"नकोय."

"मग?"

"पुढच्या खेपेला तो घालून आणेल. मग सांगेन, काढा."

नणंद तोंडाला पदर लावून हसली. "बाई गं. केवढा तो राग!"

"केवढा म्हणजे काय? मला मोजता येतो का?"

सातव्या खेपेला मॅनेजर खुर्चीत बसला नाही. दाराशीच उभा राहिला. चेहरा ओढलेला, टाय नव्हता. "बाई, आणखी काय करू ते सांगा. वरून रोज विचारतात. कदाचित मला दुसरीकडे टाकतील."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्यांना वाटलं होतं की हा क्षण आला की आतला जाळ विझेल. तो विझला नाही. नुसती कोळशावर राख धरल्यासारखी झाली.

"मजकूर ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि सही केली.

माफी वर्तमानपत्रात पाचव्या पानावर आली, एका मंगळवारी, बेअरिंगच्या जाहिरातीच्या शेजारी. मॅनेजरची महिन्याभराने बदली झाली. कंपनीचे नवे कॉम्प्युटर कोरे यायला लागले. दुरुस्तीवाली सांगत होती की दुसऱ्या कंपन्यांचे अजून तसेच येतात.

त्या मंगळवारी संध्याकाळी नणंद वर्तमानपत्र घेऊन आली. कात्रीने बातमी कापताना म्हणाली, "घ्या वहिनी. उट्टं निघालं. आता तरी शांत झालात ना?"

"कुणावरचं उट्टं?"

"म्हणजे?"

"कंपनी मला ओळखत नव्हती वन्सं. तो मॅनेजरही नाही. तुम्ही बेचाळीस वर्षं ओळखत होता. आणि तुम्ही विचारलं नाहीत. उंबऱ्यातून सांगून गेलात."

नणंदेची कात्री थांबली. "मला तेव्हा काही कळलं नाही. भाऊ गेला होता माझा."

"माझाही नवरा गेला होता."

मग नणंदेने उरलेली बातमी कापली, टेबलावर ठेवली आणि पायात चपला घालायला लागली. बाईंनी तिला बसा म्हटलं नाही. जिन्यावरचा दिवा मात्र लावला, कारण तिलाही हल्ली कमी दिसायचं.