पालथ्या पाट्यांच्या बाई

गोदावरीबाई यादव यांना मी पहिल्यांदा पाहिले ते दुष्काळाच्या वर्षी, जूनमध्ये. आणि त्याच दिवशी त्या मला नकोशा झाल्या. साठीच्या गौरवग्रंथात असे लिहू नये, पण बाईंबद्दल खोटे लिहायची सोय नाही.

कडेगावहून बदली होऊन बाई वडूजजवळच्या आमच्या शाळेत आल्या. चौथीच्या तुकड्या पाडण्याचा मान जुना शिक्षक म्हणून माझा. हुशार, खात्यापित्या घरची मुले मी माझ्या 'अ'मध्ये घेतली. माझी लेक मंदाही त्यात होती. खडी फोडणाऱ्यांची, मेंढपाळांची मुले बाईंच्या 'ब'मध्ये लोटली. यादी पाहून बाई म्हणाल्या, "बरं झालं गुरुजी. शिकवायला लय जागा हाय."

धडा पुन्हा पुन्हा वाचून घेण्यापेक्षा काही दिवसांनी पुस्तक मिटून विचारला तर तो जास्त टिकतो, असे संशोधन एका मासिकात आले होते. आम्ही बाकीच्या शिक्षकांनी त्या पानांत शेंगदाणे बांधून नेले. बाईंनी मात्र ते वाचले आणि म्हणाल्या, "छापलंय म्हणून खरं कशाला मानायचं? आपल्या पोरांवर बघू की."

अर्धे धडे त्यांनी जुन्या रीतीने शिकवले, अर्धे नव्या. नव्या रीतीत मुले मागच्या आठवड्यातले उत्तर आठवून पाटीवर लिहीत, पाटी पालथी ठेवत आणि बाईंनी सांगताच सगळी एकदम उलटत. चुकले तरी छडी नाही. कोणत्या रीतीने काय ध्यानात राहिले, ते बाई वहीत टिपत. पाढ्यांची गाणी त्यांनी स्वतः रचली होती. त्यांचा उपयोग होत नाही असे वहीत दिसताच त्यांनी ती सोडली, तेही आम्हा सर्वांना सांगून. स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगणे मला कधी जमले नाही. आज सांगतो.

वार्षिक परीक्षेत आम्ही एकमेकांच्या तुकडीचे पेपर तपासत असू. 'ब'चे गणित माझ्याकडे आले. मेंढपाळाच्या सखूचे एकही उदाहरण चुकले नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्षर वाईट, रेघ वाकडी, असे म्हणत मी गुण कापत गेलो. तरीही 'ब' पुढेच राहिली.

बाई पेपर घेऊन आल्या. मी भांडायच्या तयारीत होतो.

"गुणांचं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. पण सखूनं इचारलं, बाई माझं कुठं चुकलं, तर तिला काय सांगू?"

 मी सगळे पेपर पुन्हा तपासले.

आपापली तुकडी घेऊन आम्ही दोघेही पाचवीला जाणार होतो. पाचवीच्या तुकड्या पाडताना मंदा म्हणाली, "अण्णा, मला बाईंच्या वर्गात घाला. तिथं ध्यानात ऱ्हातं." मी माझ्याच हाताने तिचे नाव 'ब'मध्ये लिहिले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

मंदा आता शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत आहे. तिचा सरावपाठ पाहायला मी मागे बसलो होतो. तिचे पहिलेच वाक्य होते, "पाट्या पालथ्या ठेवा."

बाई, आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो, अशी मनापासून इच्छा करतो, मत्सरासकट. पुढच्या महिन्यात मंदा आपल्याकडे येईल. तिला ती वही द्यावी. इतकी वर्षे शिकवूनही, लेकीने मागावी अशी वही माझ्याकडे नाही.