चौथं पाऊल

डब्लिनच्या आर्ट गॅलरीतला हा पहारेकरी मला दर रविवारी भेटतो, पण नाव मी कधी विचारलं नाही. चित्रांबद्दल तो फारसं बोलत नाही, माणसांना हलवतो. "फ्लेमिश चित्र जवळून, स्पॅनिश लांबून," हा त्याचा कायदा; फ्लेमिश म्हणजे जुन्या बेल्जियमकडची, बारीक कामाची चित्रं. त्याचं लाडकं चित्र मात्र फ्लेमिश चित्रं बघून शिकलेल्या एका जुन्या स्पॅनिश चित्रकाराचं. त्यातल्या बाईच्या कॉलरची लेस आधी अगदी जवळून बघायची, मग बरोबर तीन पावलं मागे. चौथं टाकलंत की ह्याची भुवई वर!

मे महिन्यात नागपूरहून आलेल्या आईला मी तिथे नेलं. ती लेसवर वाकली, मग त्याच्या खुणेनुसार तीन पावलं मागे आली. आणि आपणहून आणखी एक मागे सरकली. "इथून बघ," ती मला म्हणाली, "बाई श्वास घेतेय."

मी भीतभीतच तिचं म्हणणं त्याला इंग्रजीत सांगितलं. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तिथून चित्र बघू लागला. "ग्रँड," एवढंच म्हणाला; इथल्या बोलीत म्हणजे 'छान'.

परवा तो कुणा पाहुण्यांना सांगत होता, "आता चार पावलं मागे." मला बघून जरा ओशाळला, पण आकडा बदलला नाही.