हात आवरलेला हाडवैद्य

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांचा आखडलेला खांदा सोडवत होते. नानांचा मुलगा दत्तू बोलत होता. "बाई, जेवून पडले होते, चहाला हाक मारली तर उठलेच नाय..." मी फोन ठेवला आणि आजोबांचा हात पुन्हा हातात घेतला. काम अर्धं टाकून उठलेलं नानांना आवडायचं नाही. नाना जाऊन आता सहा आठवडे झाले.

नाना म्हणजे औरंगपुऱ्यातले हाडवैद्य. सिल्लोडकडच्या एका खेड्यातलं त्यांचं घर मेंढपाळांचं. मेंढरांचे मोडलेले पाय बांधता बांधता माणसांचे बांधू लागले आणि पुढं शहरात येऊन एका गल्लीत दोन खोल्या घेतल्या. मान धरली, कंबर धरली की उतार पडतो, अशी त्यांची ख्याती. कडकन आवाज आला की बाहेर बसलेली माणसं एकमेकांकडं बघून माना डोलवायची. मी फिजिओथेरपी शिकून नुकती सरकारी दवाखान्यात लागले होते, आणि अशा लोकांचा मला मनस्वी राग होता.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती सुमनमुळं. वैजापूरची ही तिशीतली बाई पाठ दुखते म्हणून नानांकडं आली. चार महिन्यांपासून तिला संध्याकाळी ताप यायचा, वजन उतरलं होतं. नानांनी ते विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मणक्याला क्षय लागला होता. नानांनी पाठीवर नेहमीसारखा दाब दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पाय उचलता येईनात. ऑपरेशन झालं. जीव वाचला, पाय वाचले नाहीत. नवऱ्यानं वैजापूरला माहेरी पोचवली ती कायमची.

वॉर्डात मी तिला कुशीवर वळवायला शिकवत असताना दाराशी एक धोतरवाला माणूस रोज उभा असायचा. सुमनच्या भावानं एकदा त्याची गचांडी धरली, तरी दुसऱ्या दिवशी तो होताच. शेवटी मला म्हणाला, "बाई, मी मोडलंय हे. तुम्ही काय करताय ते मला शिकवा."

"तुम्हाला? तुम्ही आधी दुकान बंद करा," मी म्हणाले.

"बंद केलं तर लोक दुसऱ्याकडं जातेल. तो बी माझ्यासारखाच. त्यापरीस तुम्ही माझ्या तिथं बसा."

मला हसू आलं, मग रागही. पण ते बोलणं डोक्यातून जाईना. सरकारी नोकरीही तात्पुरतीच होती. वर्षभरानं मी त्यांच्या दुसऱ्या खोलीत टेबल टाकलं, ते अटी घालूनच. आधी मी तपासणार. पाठीचं, मानेचं दुखणं असेल तर एक्स-रे झाल्याशिवाय कुणाला झोपवायचं नाही. आणि नानांनी मणक्याला हात लावायचा नाही... कधीच. नाना एवढंच म्हणाले, "कबूल."

ते शब्दाला जागले, पण सोपं गेलं नाही. एकदा सिल्लोडचे एक बडे जमीनदार आले. मी त्यांना रबरी पट्ट्याचे व्यायाम दाखवू लागले तर भडकले, "आम्ही इतक्या लांबून रबर ओढायला आलो व्हय? नाना, तुम्ही मान धरा." नाना बाकावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "नाय धरणार, पाटील. माझ्या हातानं एक बाई अधू झालीय. वैजापूरला जाऊन बघून या." पाटील उठून गेले.

हे ते सगळ्यांनाच सांगायचे. नवा माणूस आला की आधी सुमनची गोष्ट. माणसं कमी होऊ लागली. दत्तू चिडून वेगळा राहायला गेला. मीसुद्धा एकदा म्हणाले, "नाना, पुरे आता. किती दिवस सांगणार?" लोक अजून त्यांच्याच नावावर येत होते आणि माझं पोट त्यावर चाललं होतं, हे मी त्यांना बोलले नाही. त्यांना कळलं असावं. म्हणाले, "ती उठून चालली की बंद करतो."

एकदा कॉलेजातली एक मुलगी पाठ धरून आली. मी बाहेर गेले होते. नानांनीच विचारलं, संध्याकाळी कणकण येते का? येत होती. तिला तसंच मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं, आणि तिचा क्षय वेळेत सापडला. काही महिन्यांनी ती पेढे घेऊन आली तेव्हा मला फार बरं वाटलं. नानांनी पेढा हातात धरून ठेवला. "हिच्या पायानं सुमन थोडीच चालणाराय, बाई," म्हणाले आणि पेढा कागदात बांधून ठेवला.

दर मंगळवारी ते वैजापूरला जायचे. सुरुवातीला सुमनच्या घरचे दार उघडत नसत. ओट्यावर बसून परत यायचे. दीड वर्षानं सुमननंच आतून सांगितलं, येऊ द्या. मग मी शिकवलेले पायांचे व्यायाम ते तिला देत, म्हणजे सांधे आखडू नयेत, जखमा होऊ नयेत. चौदा वर्षं. ती त्यांच्याशी बोलायची नाही, तेही बोलत नसत.

दहावं झाल्यावरच्या मंगळवारी मी गेले. सुमनला कळलं होतं. भिंतीला टेकून बसली होती.

"मला रडू आलं नाय, बाई," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? मी त्यांना माफ बी केलं नव्हतं."

"त्यांनी मागितली होती?"

"कधीच नाय." तिनं पायांवरची चादर बाजूला सारली. "मागितली असती तर घरात घेतलं नसतं."

मी तिला आडवी केली आणि पाय उचलायला गुडघ्याखाली हात घातला. अठरा वर्षं हेच काम करते मी.

"असं नाय," सुमन म्हणाली. "आधी टाच. टाच तळव्यात घेऊन जरा थांबायचे ते. पाय गरम झाला की मगच उचलायचे."

तिला त्या पायातलं काहीच कळत नाही. ऊब नाही, स्पर्श नाही. त्यांचा हात तिनं चौदा वर्षं नुसता बघितला होता.

मी तिची टाच तळव्यात घेतली आणि थांबले.