गाय वेगळी का काढली?

ओल्या पेंढ्याचा, शेणाचा आणि अडलेल्या गाईच्या जड उच्छ्वासाचा तो ऊबदार वास अजून माझ्या श्वासात रेंगाळतो आहे. यंदाच्या पौषात जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत, दामूअण्णा या माझ्या निवृत्त शिक्षकमित्राकडे मी मुक्कामाला होतो. त्यांची गाय पहाटेपासून अडली होती. गुरांचे डॉक्टर आळेफाट्याकडे गुंतलेले. यायला दुपार होईल, असे त्यांनी फोनवर सांगितले. तोवर गाय टिकेल का, हे विचारायचे धैर्य कुणालाच होईना.

अण्णांनी शेजारच्या वस्तीवरून सुगंधाला बोलावले. तिशीची, सडसडीत बाई. गाईच्या पाठीवर हात ठेवून ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. आम्ही अधीर, ती निश्चल! मग कोपरापर्यंत हात धुऊन, तेल लावून, तिने वासराचा आत दुमडलेला पाय हलकेच सरळ करायला घेतला. कळ आली की थांबायची, ओसरली की पुढे सरकायची. अर्ध्या तासात वासरू पेंढ्यावर होते आणि गाय त्याला चाटत होती.

या जाणतेपणाला काय नाव द्यावे? तीस वर्षे मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले, बुद्धीच्या कितीतरी व्याख्या फळ्यावर लिहिल्या आणि पुसल्या. त्यांतल्या एकीतही हा हात मावत नव्हता.

चहा घेताना तीच म्हणाली, "सर, तुमी मला वळखलं न्हाई. शाळेत चित्रं दाखवली व्हती तुमी."

वीसेक वर्षांपूर्वी मी डोंगरातल्या शाळांतून बुद्धिचाचण्या घेत हिंडलो होतो. गाय, कुत्रा, शेळी, बिबट्या; यांतले कोणते वेगळे काढशील? उत्तर ठरलेले होते, बिबट्या. एका मुलीने गाईवर बोट ठेवले. अशा आणखी काही 'चुका' मोजून मी तिच्या नावापुढे 'मंदबुद्धी' लिहिले आणि पुढच्या गावाला निघून गेलो. त्या एका शब्दाने तिला मागच्या कोपऱ्यात बसवले, मुले चिडवू लागली, वर्षभरात तिची शाळा सुटली. हे सारे मला आता, हातात कपबशी धरून, त्याच मुलीच्या, सुगंधाच्या तोंडून कळत होते.

गाय का, असे मी विचारले. वीस वर्षे उशिरा.

"चित्रातली गाय गाभण व्हती. पोट दिसत व्हतं की. गाभणीला वेगळंच बांधत्यात."

मी क्षमा मागितली. "तवा लई रडले व्हते," एवढेच ती त्यावर बोलली. मला मोकळे करण्याची घाई तिने केली नाही, आणि ते योग्यच होते. तिची लेक आता दुसरीत आहे, तीही उत्तर द्यायला वेळ घेते, असे तिने सांगितले. मग म्हणाली, "तिला तपासाया कुनी आलं, तर तिला आदी 'का' म्हनून इचारा म्हनावं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर तिच्या लेकीच्या शाळेत गेलो आणि तिथल्या बाईंना माझी चूक, काहीही न लपवता, सांगितली. बुद्धी म्हणजे काय, हे मला अजूनही एका वाक्यात सांगता येणार नाही. परतताना चढाच्या पायवाटेवर सुगंधा माझ्यापुढे चालत होती, आणि माझा श्वास जड झाला की मागे वळूनही न पाहता थांबत होती.