उंटाची तिरपी वाट

माझे मामा पोलादपुरात बुद्धिबळात सहसा हरत नसत. त्या शिमग्याला हरले. हरवणारा तुडीलचा, मुंबईच्या गोदीत कामाला, सणापुरता गावी आलेला. त्याने मधली प्यादी हलवलीच नाहीत. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले आणि रिकाम्या झालेल्या घरात उंट आणून बसवला. देवळाच्या मंडपातले बघे हसले.

"उंट गोठ्यात बांधलास काय रे?"

"बांधलाय. सोडीन तवा बघा."

डाव गेल्यावर मामा सर्वांदेखत म्हणाले, "गणपतीत पुन्हा बसू. तेव्हाही हरलो तर पटाला हात लावणार नाही." बोललेले फिरवणारे ते नव्हते, आणि पटाखेरीज त्यांना दुसरा नाद नव्हता.

मी तेव्हा मुंबईत एका वर्तमानपत्रात होतो. हिवतापामुळे रजा घेऊन त्यांच्याकडे राहिलो होतो. जेवणे झाली की आम्ही तो हरलेला डाव मांडत असू. मामांना सगळ्या खेळी पाठ होत्या. तुडीलकराच्या बाजूने मी बसे. कडेचा तो उंट कसा कोंडावा, एवढेच ते शोधत. वास्तविक तो कोंडलेलाच होता. मामांचे एक प्यादे त्याच्या तिरप्या वाटेत उभे होते, आणि प्याद्यामागे मामांचा वजीर.

एका दुपारी मी म्हणालो, "मामा, इथे हत्तीने मात होती."

"दिसली होती."

"मग?"

"हत्तीने कोणीही करतो. आणखी दोन खेळींत प्यादेमात होती."

आमच्या भागात प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. तिच्यासाठी त्यांनी वाटेतले ते प्यादे पुढे ढकलले होते. उंटाने वजीर मारला.

मामांनी मोहरे गोळा केले. त्यानंतर तो डाव त्यांनी मांडला नाही.

गणपतीत तुडीलकराने उंट तसाच कडेला बसवला. मंडपात गर्दी होती. खेळ बराच चालला. शेवटी मामांनी वजीर उचलून त्याच्या राजाशेजारी ठेवला. मात झाली.

"अण्णा, प्यादं होतं की!" मागून कोणीतरी मामांना ओरडून म्हणाले.

"होतं."

"मग थांबायचं नाय?"

"मी थांबू दिलं असतं काय रे त्यांना?" तुडीलकर म्हणाला.

निम्मे बघे उठून गेले. मामांनी दुसऱ्या डावासाठी मोहरे मांडायला घेतले.