मले कोनी मारलं नाही

पहिला डाग गुडघ्याखाली उठला. वांग्याच्या सालीसारखा जांभळा. कुठं आपटले, काही आठवेना. मग कासारीण बांगड्या भरायला आली. तिनं नुसता हात दाबून धरला होता, तर दुसऱ्या दिवशी तिच्या पाचही बोटांचे ठसे मनगटावर उमटले. बांगडी तडकली म्हणून ती परत आली आणि ते ठसे बघून तिनंच विचारलं, "कोनं मारलं वं तुले?"

"कोनी नाही."

तिनं समजल्यासारखी मान हलवली. त्या मान हलवण्यानं पुढं वर्षभर माझा जीव खाल्ला. विहिरीवर बाया तशाच मान हलवत. सासू हळदीचा लेप लावताना लेकाकडं बघून मान हलवी. मी खरं सांगत होते आणि एकालाही ते खरं वाटत नव्हतं.

ज्याच्यावर संशय, तो माझा नवरा बैलावर उगारलेला चाबूकही परत खाली घेणारा माणूस. आम्ही जातीचे माळी. अकोल्यापासून दोन कोसांवर आमचा मळा. मेथी, चुका, अंबाडी, वांगी, आणि बांधावर लिंबाची दोन झाडं. मग दूरच्या कुठल्या देशात लढाई पेटली म्हणे, आणि कापसाला असा भाव आला की लोक अंगणातसुद्धा सरकी टोचू लागले. यांनीही भाजीचे वाफे मोडले. सावली पडते म्हणून लिंबं तोडली. सगळ्याच माळ्यांनी तेच केलं, त्यामुळं बाजारातही भाजी दिसेना. आम्ही भाकर, वरण आणि वाळल्या मिरच्यांचा ठेचा खात होतो. पोट भरत होतं, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

अंजनगावला माहेरी कुणीतरी बातमी पोचवली. भाऊ आला तो तडक शेतात गेला आणि त्यानं यांच्या अंगातल्या बंडीला हात घातला. "माह्या बहिनीवर हात टाकतं?"

मी धावत गेले. "दादा, सोड त्याईले! मले कोनी मारलं नाही!"

"तू चूप. नवऱ्याच्या धाकानं बोलून राहिली तू."

खरं बोलले तर धाक, गप्प बसले तर कबुली. भाऊ गेल्यावर हे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले. मग खाली बघत म्हणाले, "झोपेत त नसन ना मारत मी तुले?"

त्या दिवशी मला रडू आलं. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं, जिना चढल्यासारखे गुडघे सपाट रस्त्यावर दुखत होते, आणि हा भला माणूस स्वतःवरच संशय घेत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी जुंपली आणि मला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर पुण्याकडचा, तरणाच होता. इतकं मऊ बोलायचा की मला वाटे, मागं दुसरं कुणी मोठं माणूस उभं आहे, त्याच्याशीच बोलतोय. पहिलाच प्रश्न, "यजमान मारतात का हो?"

मी उठले. "चाला घरी," यांना म्हटलं.

त्यानं हात जोडून बसवलं. मग एक जाड वही काढली. कापसाच्या गाठी वाहणाऱ्या हमालांच्या अंगावर असेच डाग त्यानं पाहिले होते. गाठींचा मार असेल असं त्याला वाटत होतं. पण मी गाठी उचलत नव्हते, आणि डाग तसेच. त्यानं माझ्या डागाभोवती शाईनं रेघ मारली, अंगठ्यानं दाबून पाहिलं, आठ दिवसांनी बोलावलं. दाबलेल्या जागी नवा डाग उठला, म्हणजे माराशिवायही डाग पडतो, तर काय त्याला आनंद! मी चिडले, पण जात राहिले. खरं बोलतेय असं मानून चालणारा तोच एक होता.

एकदा त्यानं विचारलं, "जेवणात काय असतं? भाजी, फळं?"

"भाजीच्या जागी कापूस हाय. कापूस खाऊ काय?"

त्यानं लेखणी खाली ठेवली. जहाजावरच्या खलाशांना ताजी भाजी, लिंबू मिळालं नाही की असंच रक्त साकळतं, म्हणाला. इथंही तेच आहे का, ते मात्र तपासायला हवं. निम्म्या रोग्यांना रोज दोन लिंबं, निम्म्यांना चोळायला कापराचं तेल.

"अन् मले?"

"तुम्हाला तेल."

महिनाभर मी ते तेल चोळलं. दवाखान्याच्या ओट्यावर माझ्या शेजारी एक कोष्टीण बसायची, तिला लिंबं होती. पंधरा दिवसांत तिच्या हिरड्या भरल्या, डाग पिवळे पडून गेले. मी आपली निळीच. डॉक्टरला म्हटलं, तर म्हणे अजून पंधरा दिवस, दोन्हीकडं पुरतं पाहिल्याशिवाय कळणार कसं?

"तिले दिसून राहिलं, मले दिसून राहिलं. तुमालेच काऊन दिसून नाही राहिलं?"

तिथून मी थेट बाजारात गेले. परगावची लिंबं होती, सुकलेली, महाग. यांना घ्यायला लावली आणि पहिलं गाडीत बसल्या बसल्या सालीसकट खाल्लं.

पुढच्या खेपेला माझे डाग पिवळे पडलेले. डॉक्टर खूश. "म्हणजे तेलानंही गुण येतो!" आणि लिहू लागला.

गप्प बसता आलं असतं. पण मग उद्या त्या वहीवरून कुणीतरी बाई तेलच चोळत बसली असती. मी सांगून टाकलं.

त्याचा चेहरा पडला. "माझं महिन्याचं काम नासवलंत तुम्ही." माझ्या पानावर त्यानं आडवी रेघ मारली.

"मारा रेघ. पन थ्या तेलवाल्या बायाईले आज निंबू द्या."

तो फडाफडा पानं उलटत राहिला. मग ओट्यावर आला आणि तेलाच्या बाटल्या परत मागितल्या. त्या दिवशी सगळ्यांना लिंबं मिळाली.

यांनी ऐन बोंडाच्या दिवसांत विहिरीजवळचा कापूस उपटून मेथी आणि अंबाडी पेरली. शेजारी हसले. दिवाळीला भाऊ आला, माझे स्वच्छ हात बघून समाधानानं म्हणाला, "आता जवायानं मारनं सोडलं वाटते." मी ताट आपटलं आणि आत निघून गेले.

पुढं डॉक्टरची अमरावतीला बदली झाली. वहीचं काय झालं, कुणास ठाऊक. मी बरी झाले, दोन दाढा मात्र गेल्या. भाकर तेव्हापासून वरणात भिजवून खाते.