आसराबाईचे पंजे

टेंभुर्णीच्या आसराबाई लहानपणापासून विहिरीत पोहत आलेल्या. छप्पन्नाव्या वर्षी मोटारसायकलवरून पडल्या, डाव्या पायात डॉक्टरांनी सळई बसवली. वर्षभरानं पाण्यात उतरल्या, तर एकाच पायाचा जोर लागायचा अन् बाई जागच्या जागी गोल फिरायच्या.

"पाय ऐकून न्हाई राह्यला, तर हात मोठे करू," त्या सुनेला, मोनिकाला म्हणाल्या.

आधी त्यांनी हाताला जेवणाची ताटं बांधली; एक तळाला गेलं. मंग तेलाच्या डब्याचं प्लास्टिक कापलं; त्यानं मनगट सोलून निघालं. शेवटी पंक्चरवाल्या बुद्धभूषणकडून ट्रकच्या चाकामागं लोंबणारं जाड रबर आणलं. तळव्याच्या दीडपट पंजे कापले, वर सायकलच्या ट्यूबचे पट्टे शिवले. पहिल्या दिवशी खांदे भरून आले, म्हणून चारही कडांनी बोट-बोटभर कमी केले. मंग मात्र विहीर सरळ पार झाली.

दिवाळीनंतर शेजारच्या कडूबांची पाण्याची मोटार विहिरीत सोडताना दोर सुटला अन् मोटार तळाला गेली. मोटारी काढणारा माणूस लग्नाला भोकरदनला गेल्ता. इकडं कांद्याचं रोप माना टाकून राह्यलं होतं. आसराबाई पंजे घेऊन आल्या.

"वहिनी, पाय बरा न्हाई तुमचा," कडूबा म्हणाले.

"पायानं कुठं जाते? कमरेला दोर बांधा, अन् वरून बराबर धरा."

मोनिकानं मोटारीची विजेची वायर काढल्याची खात्री केली अन् दोर स्वतः धरला. पहिल्या बुडीत आसराबाईंना मोटार दिसली, पण कान दुखले म्हणून वर आल्या. दुसऱ्या बुडीत तळ गाठला, तर पंज्यामुळं मोटारीसाठी सोडलेल्या दुसऱ्या दोराचा लोखंडी आकडा हातात धरता येईना. वर येऊन त्यांनी दम घेतला. उजवा पंजा मनगटावर सरकवला, खाली गेल्यावर डाव्या हातानं स्वतःला थोपवलं अन् मोकळ्या बोटांनी आकडा मोटारीच्या कडीत अडकवला. मोनिकाच्या हातातल्या दोराला ठरल्याप्रमाणं दोन झटके बसले. तिनं आधी सासूला वर घेतलं, मंग सगळ्यांनी मिळून मोटार.

पायरीवर बसून धापा टाकताना आसराबाईंना हसू आवरेना. अपघातानंतर लोक त्यांना खुर्ची द्यायला धावायचे, आज कडूबा उभे राहून विचारत होते, "हे पंजे मला करून देता का? पोहायचं राहूनच गेलं माझं."

आठवड्यात जोडी तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर आल्या मात्र कडूबांच्या पत्नी पुष्पाबाई, तरंगायला पाठीला रिकामा डबा बांधून, हातात पंजे चढवून.

"ह्यांना पाण्याची भीती वाटून राह्यली," त्या म्हणाल्या. "तोवर मला शिकवा."

संक्रांतीपर्यंत पुष्पाबाईंचा डबा सुटला. कडूबा अजून तिसऱ्या पायरीपर्यंतच उतरतात, पण तिथून बायकोला पाण्यात हात कसे मारायचे ते बिलकुल चुकीचं सांगतात.